बाईंचा आवाज

१६ जून

स्टाफरूममधली चहाची गाळणी बेपत्ता आहे. शाळेचा पहिला दिवस, गुलाबाचं फूल देऊन मुलांचं स्वागत — आणि गाळणी नाही! सुट्टीत संस्थेने नवी कमान बांधली, तिच्यावर अध्यक्षांचं नाव सोनेरी अक्षरांत घातलं. पण जिच्यावर अख्ख्या शिक्षकवृंदाचा जीव अवलंबून, ती वस्तू कुठे गेली याची साधी चौकशी नाही. निषेध म्हणून मी चहा चोथ्यासकट प्यायले. चोथा घशात अडकला असावा. तिसरी ब वर पहिल्याच तासाला ओरडले तर आवाज फाटला. मुलं हसली. मीही हसले असते, पण हसायलाही आवाज लागतो.

४ जुलै

चोथा नव्हे.

सकाळी आवाज असतो, दुसऱ्या तासाला बसतो, मधल्या सुट्टीनंतर जातो. हळद-दूध, ज्येष्ठमध, मीठपाणी, सगळं झालं. आज वर्गात राकेशवर ओरडायला गेले तर घशातून सेल्फ न लागणाऱ्या रिक्षासारखं काहीतरी निघालं.

२१ जुलै

द्वारका चौकाजवळच्या घशाच्या डॉक्टरांकडे. चौक ओलांडायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात त्यांनी निकाल दिला. स्वरयंत्रावर गाठ. "बोलणं बंद. कुजबुजायचं तर मुळीच नाही. ऑपरेशन लवकर करून टाका, गाठ तपासायला पाठवू." तपासून काय निघू शकतं? "ते आत्तापासून कशाला?" असं डॉक्टर कधी म्हणतात ते मला माहीत आहे!

"करता काय?"

"तिसरीला शिकवते."

त्यांनी चष्मा काढला. "मग सुट्टी घ्या."

सुट्टी! विनाअनुदानित शाळा. अकरा महिन्यांची ऑर्डर, दर मे महिन्यात नव्याने सही. मागे चौथीच्या बाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं. मेमध्ये त्यांच्या नावाची ऑर्डर निघालीच नाही. इकडे महेशचं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातलं कंत्राट मार्चमध्ये संपलंय. नवरा घरात बसून खिडक्यांना रंग देतोय — त्याच त्याच खिडक्यांना. घरात पगार एक, माझा. आणि माझं भांडवलही एकच — तोंड.

ऑपरेशन मेमध्ये, ऑर्डरवर सही झाली की. तोवर शाळेत कळू द्यायचं नाही.

२३ जुलै

न बोलता तिसरी कशी शिकवायची? एकच वाट — उपक्रम. या शब्दाची मी आजवर काय टिंगल केली! थर्माकोलचा डोंगर, वर कापसाचा बर्फ, मागे आईबापांची भांडणं, म्हणजे उपक्रम. आता त्याच्याच पाया पडायची वेळ.

फळ्यावर लिहिलं: "आजच्या बाई — दिशा." दिशाने पाढे घेतले. सात सत्ते बेचाळीस म्हणाली. निम्मा वर्ग तुटून पडला, निम्मा तिच्या बाजूने भांडला, शेवटी जमिनीवर चिंचोके मांडून मोजले. इतक्या वर्षांत सातच्या पाढ्यासाठी कोणी एवढं पेटून उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

१३ ऑगस्ट

वर्गात बाजार भरवला. भाज्या कागदी, नोटा कागदी, भांडणं खरी. पिंकी थेटेने कानठळ्या बसवल्या. तिची आई बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. रविवारी ही शेजारी उभी राहून ओरडते. "घ्या मेथीऽऽ! ताजी मेथीऽऽ!" आवाज असा की फळ्यावरचा खडू पडावा. हेवा वाटला. आठ वर्षांच्या पोरीचा!

तेवढ्यात दारात मुख्याध्यापक, गायधनी सर. आता बोलावं लागणार! पण सरांशी बोलताना समोरच्याने बोलायची गरज नसते, हे त्यांचं मोठेपण. "वा मॅडम! कृतियुक्त! फोटो टाकतो ग्रुपवर!" मी मान डोलावली. ते खूश होऊन गेले.

१० सप्टेंबर

सर म्हणाले, "मॅडम, एक बारीकशी सूचना. व्हरांड्यातून जाताना तुमचा आवाजच येत नाही. उपक्रम ठीक आहेत, पण शिकवल्यासारखं वाटत नाही. पालक बोलतात हो."

सर्दी झालीय म्हणून नाकाला रुमाल लावला. सर्दी किती महिने पुरवणार?

११ सप्टेंबर

मुलांना सांगून टाकलं. म्हणजे फळ्यावर लिहिलं: "माझा आवाज गेला आहे. सरांना सांगू नका."

राकेश म्हणाला, "कुठं गेला, बाई?"

पिंकी उठली. "बाई, मी काढू का तुमचा आवाज?" मी काही खूण करायच्या आधीच तिने कमरेवर हात ठेवला. "ए राकेश! खिडकीबाहेर काय तुझं लग्न लागलंय? थांब, मंगलाष्टकं म्हणते!"

वर्ग लोळायचा बाकी राहिला. माझंच वाक्य. माझा हेल. शेवटचा शब्द वर नेऊन सोडून द्यायची माझी खोडसुद्धा! राकेश तेवढा हसला नाही. आणि तो पिंकीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

पण आवाज मिळाला.

१४ ऑक्टोबर

आता व्यवस्था बसलीय. राकेश दाराशी. सर व्हरांड्यात आले की तो खोकतो, पिंकी ओरडते, मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहते. दार लोटलेलं. सर समाधानाने पुढे जातात.

त्यामुळे रोज स्वतःचं बोलणं ऐकते. "हे अक्षर आहे की मुंग्यांची मिरवणूक?" "डोकं घरी राहिलं, दप्तर बरं आणलंस!" हे मला विनोद वाटायचे. स्टाफरूममध्ये टाळ्या पडायच्या. आज पिंकीला खुणेने सांगितलं, इतकं टोचून नको. ती म्हणाली, "मंग तुमच्यासारखं नाय वाटणार, बाई."

१९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, गाठ वाढलीय. "मे लांब आहे, मॅडम." मे लांब आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

९ डिसेंबर

उपक्रम — ऐकलेलं चित्र. सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, मग कानावर आलेलं कागदावर काढायचं. भाग्यश्रीने शेजारच्या घरातला कुकर काढला. राकेशने ट्रकचा हॉर्न — लाल, लांब, कागद संपला तरी बाकावर पुढे गेलेला. पिंकीने एक बाई काढली आणि तिच्या गळ्यात काळा गोळा. "तुम्ही श्वास घेतला का घरघर येते, बाई. तेच काढलं."

चित्र महेशला दाखवलं नाही.

२ जानेवारी

गाठ साधी नसली तर? — एवढंच लिहायला वही उघडली.

२८ जानेवारी

संस्थेच्या 'उपक्रमशील शिक्षिका' पुरस्कारासाठी सरांनी माझं नाव पाठवलंय. तोंड बंद ठेवल्याबद्दल सत्कार! हसू आलं. हसता हसता रुमालावर रक्ताचा ठिपका.

११ फेब्रुवारी

सगळं नासलं. मी नासवलं.

संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला येणार हे कोणी सांगितलं नव्हतं. राकेश गैरहजर, म्हणून खोकायला कोणी नाही. मी मागच्या कोपऱ्यात पाचसहा मुलांना घेऊन मातीची गोदावरी करत बसले होते, हात कोपरापर्यंत चिखलात. पुढे गोंगाट वाढला. पिंकी आपण होऊन माझ्या टेबलापाशी गेली. "गप्प बसा! हा वर्ग आहे की द्वारकेचा चौक?" आणि दार उघडलं. सर. मागे अध्यक्ष.

"बाईंची नक्कल करतेस? बाईंच्या देखत?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. एक वाक्य निघालं असतं. फाटकं, घोगरं, पण निघालं असतं. मी चिखलाचे हात घेऊन उभी राहिले.

पिंकीनेही माझ्याकडे पाहिलं. मग सरांना म्हणाली, "चुकलं, सर."

अध्यक्ष मला म्हणाले, "फार सहन करता हो तुम्ही."

१२ फेब्रुवारी

परिपाठाला सगळ्या शाळेसमोर पिंकीने माझी माफी मागितली. इतक्या बारीक आवाजात की सरांना माईक तिच्या तोंडापाशी न्यावा लागला. मेथीऽऽ म्हणणारी पोर!

तिच्या आईला बोलावलं होतं. "माझी पोर तशी नाय हो सर. घरी तर बाई-बाई करत ऱ्हाते." सर म्हणाले, वर्ष पुरं होऊ द्या, मेमध्ये दाखला घेऊन जा, दुसरी शाळा बघा. मग त्या बाईने माझ्यापुढे हात जोडले. "लेकरू समजून माफ करा, बाई."

मी मान डोलावली. डोलावली!

९ मार्च

पिंकी शेवटच्या बाकावर बसते. काही विचारलं तर मान हलवते. माझ्यासारखी.

फळ्यावर "आजच्या बाई" लिहिलं. पुढे जागा रिकामी ठेवली. दिवसभर कोणी उठलं नाही.

२७ एप्रिल

उद्या ऑपरेशन. शाळेला सुट्टी लागली, सहीपर्यंत थांबायला डॉक्टर तयार नाहीत. महेशने शाळेत सांगून ठेवलंय की गावी चाललोय. गायधनी सरांचा फोन — फोनवर तर माझं काही अडतच नाही. ऑर्डर निघालीय. "आठ तारखेला येऊन सही करा, मॅडम. आणि हो, त्या थेटेचा दाखलाही तयार करून ठेवलाय. तुमची डोकेदुखी गेली!"

५ मे

गाठ साधी निघाली. महेश दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. डॉक्टर म्हणाले, "आठ तारखेपासून दिवसाला पाच मिनिटं बोला. हळू. आवाज येईल. ओरडायचं मात्र आता विसरा."

ऑर्डर आहे, गाठ गेली, कोणाला काही कळलं नाही. जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. जेवण गेलं नाही.

८ मे

आजची पाच मिनिटं.

निम्मी सरांच्या केबिनमध्ये गेली. पिंकी नक्कल करत नव्हती, माझं काम करत होती, माझ्याच संमतीने. वर्षभर मला आवाज नव्हता. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग त्यांनी दाखला फाडला, आणि माझी ऑर्डर ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली.

उरलेली घेऊन बाजारात गेले. पिंकीच्या आईपुढे हात जोडले. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. "ताई, चूक तिची नव्हती, माझी होती. जूनमध्ये तिला शाळेत पाठवा."

जुड्यांमागून पिंकी म्हणाली, "आन् तुम्ही, बाई?"

मिनिटं संपली होती.