टोककान्यांच्या शहराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली आरेखक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझ्या धाकट्या भावाचे मत वेगळे असेल, पण तो एकोणीस वर्षे माझ्याशी बोललेला नाही, त्यामुळे ते विचारात घेऊ नये. डॉक्टरांनी जिना चढू नका असे बजावल्यावर मी माझा पलंगच वरच्या खोलीत नेला असून, आता फारशी खाली उतरत नाही.

कलम १. राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला द्यावे. या पोरीने दोन्ही घरी जेवून इकडच्या चुगल्या तिकडे आणि तिकडच्या इकडे केल्या, म्हणूनच आम्हा दोघांना एकमेकांची खुशाली कळत राहिली. तिचे उपकार आहेत. फक्त तिने वरच्या खोलीतले काही हलवू नये; कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. माझा ड्रॉइंग बोर्ड, कंपासपेटी आणि सर्व पट्ट्या खात्यातल्या त्या वेळच्या नव्या मुलीला द्याव्यात, जिने रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या नकाशातली चूक दाखवली होती. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. पोरगी गुणी आहे. ज्या बड्या साहेबांनी माझ्या टाकीच्या नकाशावर स्वतःचे नाव घातले, त्यांना माझा खोडरबर द्यावा. झिजला आहे, पण एक नाव खोडण्यापुरता पुरेल.

कलम ३. शिलाई मशीन भावजयीला. नाहीतरी ती ते दर दिवसाआड भाचीकरवी मागवून घेते आणि सुई मोडून परत पाठवते. यापुढे सुया तिच्या तिने आणाव्यात.

कलम ४. आता मुख्य गोष्ट, म्हणजे वरच्या खोलीतले शहर. ते माझ्यामागे मोडून जळणात जाऊ नये आणि धाकट्याच्याच हाती पडावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

मी अकरा वर्षांची आणि धाकटा सात वर्षांचा असताना आम्हाला एकदमच कांजिण्या आल्या. तीन आठवडे एका खोलीत कोंडून घातले, तेव्हा आम्ही खोक्यांचे एक शहर मांडले. तिथे टोकदार कानांची, हजार वर्षे जगणारी माणसे राहतात. पुस्तकांत त्यांना एल्फ म्हणतात. आम्ही टोककाने म्हणायचो. कांजिण्या गेल्या, शहर राहिले. पुढे तो सुतार झाला, मी आरेखक झाले, आणि दर रविवारी तो लाकूड घेऊन यायचा. आज ते शहर चार टेबले अडवून बसले आहे.

वारसांना माहिती असावी म्हणून लिहिते. खिडकीकडची ती कुजबुज पेठ. घरे इतकी चिकटून, की एका घरातले गुपित चौथ्या घरात आधी कळते. तिथे कोणाला चुकूनही 'शतायुषी हो' म्हणू नये, मारामारी होते. तिच्यामागे उशीरगल्ली. 'आलोच' म्हणून गेलेला माणूस तिथे नातवाच्या लग्नाला परततो. गल्लीच्या टोकाचा घड्याळबुरूज वर्षातून एकदा वाजतो, तोही सवडीने. पलीकडे विसरबाग, नको असलेली आठवण तिथे पुरून वर झाड लावायचे. बड्या साहेबांसाठी मी तीन झाडे लावली, एकही जगले नाही. सर्वांत उंच तो शेंड्याचा महाल, आणि पायथ्याच्या तळ्यापासून महालापर्यंत चढत जाणारी नदी.

होय, चढत जाणारी. टोककान्यांनी लाडीगोडी लावली की पाणी वर जाते, असे आम्ही लहानपणीच ठरवले होते. पण खात्यात पस्तीस वर्षे पाण्याचे उतार काढून माझी अक्कल सरळ झाली. एका शनिवारी मी नदी उखडली, महालापासून खाली उताराने नेली, आणि तळ्याकाठी धुराड्यासकट एक पंपघर बांधले.

रविवारी धाकटा आला. बघतच राहिला.

"ताई, हे काय?"

"पंपघर. पाणी वर चढवायचं तर पंप लागतो."

"टोककान्यांच्या गावात?"

"पाणी कुठल्याही गावात पाणीच असतं."

"मग हे शहर राहिलंच नाही. हे तुझं ऑफिस झालं," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. मीही तोऱ्यात होते. हाक मारली नाही. पुढच्या रविवारी मात्र दोन माणसांचा स्वयंपाक केला होता.

चूक माझी होती. हे मी तोंडाने कधी म्हणू शकले नाही, म्हणून कायदेशीर कागदावर लिहिते. संपूर्ण शहर, सर्व पेठा, बाग, बुरूज व महाल यांसह, धाकट्याला द्यावे. नदी पुन्हा वर चढवण्याचा आणि पंपघर पाडण्याचा पूर्ण अधिकार त्याला राहील.

सही करण्यापूर्वीची पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

आज सकाळी वकीलबाई आल्या, पहिले साक्षीदार घड्याळजी आले, पण दुसरे साक्षीदार शेजारचे मास्तर पाय मुरगळून बसले. भाची म्हणाली, "आत्या, कोणालातरी धरून आणते." पंधरा मिनिटांनी जिन्यावर दोघांची पावले वाजली. तिच्या मागे धाकटा उभा. केस पार पांढरे झालेत.

"कोणीही चालेल म्हणाली. मग मी आलो," तो म्हणाला.

मसुदा त्याने उभ्यानेच वाचला. चौथे कलम दोनदा वाचले.

"म्हणजे तू मेल्यावर नदी माझी?"

"हो. चढव हवी तिकडे."

"आणि 'पंप लागतो, पंप लागतो' म्हणून माझं डोकं खायला तेव्हा कोण असणार? एकट्यानं चढवून काय गंमत?"

वकीलबाईंनी त्याला अडवले. "नीट विचार करा. ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत तर या शहरातलं तुम्हाला काहीही मिळणार नाही."

"एकोणीस वर्षं विचारच केला बाई," तो म्हणाला. "पेन द्या."

सबब कलम ४ मधील देणगी रद्द समजावी. शहरही भाचीलाच जाईल. नदीचे काय ते आम्ही दोघे जिवंतपणीच भांडून ठरवणार आहोत. भांडण बरेच लांबेल, तेव्हा हे मृत्युपत्र इतक्यात कोणाच्या उपयोगी पडणार नाही, याची सर्व वारसांनी नोंद घ्यावी. मला फार आनंद झाला आहे.

ठिकाण : राहते घर, वरची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार
लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : घड्याळजी, समोरचे दुकान. बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ, सुतार. ताईने माझ्यासमोर सही केली. ती रडत होती, पण पूर्ण शुद्धीवर होती. (सही)