काही अडत नाई

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मी वाचायला शिकले ती तू गेल्यावर, किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करकरून. त्यामुळे हे लिहून तुझ्यापर्यंत काय पोहोचणार, मला माहीत नाही. आता आम्ही चंद्रपुरात सरकारी घरकुलात राहतो, मी, तुझी नात आणि तिची लहान मुलगी. तुझे जावई गेल्यापासून घरात मोठ्यानं कोणी शिंकत नाही. खाली तळमजल्यावर सरकारनं एक केंद्र काढलं होतं. वसाहतीतल्या बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं म्हणून तिथं शिवणकाम शिकवायचे, कामधंदा सुचवायचे आणि दिवसभर लेकरं सांभाळायचे. आमचं घर त्या शेवटच्या गोष्टीवर चालत होतं. पोरीला तिथं सोडून लेक सकाळच्या बसनं मोहर्लीला हॉटेलच्या स्वयंपाकघरात जायची आणि मी जवळच्या शाळेत खिचडी शिजवायला. लेकीला हॉटेलात लवकरच मुख्य स्वयंपाकीण करणार होते.

मग केंद्राचा उपयोग किती झाला ते बघायला एक मुलगी आली. पुण्याकडची असावी, बोलणं गोड. मी चटई टाकली, चहा ठेवला. शेजारीणही येऊन बसली. मुलीनं विचारलं, "काकू, उद्या केंद्र बंद झालं तर तुमचं काही अडेल का?" मी म्हटलं, "नाई जी, काही अडत नाई." शेजारीण म्हणाली, "आमचं तं चहापत्तीवाचून अडते बाई, बाकी सारं मस्त!" तिघी हसलो. "म्हणजे तुम्ही स्वावलंबी झालात," असं म्हणत मुलीनं मोबाइलवर बोट टेकवलं.

मी असं का म्हटलं, ते तुलाच कळेल. मी लहान आहे, आत्या आली आहे, तू चुलीपाशी बसली आहेस, ती विचारते, "कसं चालू हाये वहिनी?" तू म्हणतेस, "बरं हाये जी." मी मधेच बोलते, "घरी तांदूळ नाई." आत्या गेल्यावर तू माझा कान पिळलास. "पाहुण्याले रिकामी मडकी दाखवतेस काऊन?" ती मुलगी सरकारची होती खरी, पण माझ्या चटईवर बसून माझा चहा पीत होती. वसाहतीतल्या साऱ्याच बायकांनी तिला असंच उत्तर दिलं, हे मागाहून कळलं.

केंद्राला कुलूप लागलं. आम्ही ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्हीच साऱ्या म्हणाल्या ना, अडत नाई म्हणून? आता जिथं अडते तिथं देऊ." मी म्हटलं, "साहेब, घरी आलेल्या माणसाले तसंच म्हणाची रीत हाये." ते वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, रीत मी कुठी लिहू?"

एकीनं घरी राहणं भाग होतं. लेकीचं काम दूरचं, म्हणून तिनं सोडलं. हॉटेलात दुसरी बाई लागली. मी विचारते, "तुले वाईट वाटते का वं?" ती म्हणते, "नाई आई, बरंच झालं, बसची दगदग गेली." माय, माझी लेक मला पाहुण्यासारखं उत्तर देते.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. पूर्वी दुपारी शाळेतून येऊन मी कुलूप काढायची आणि अंधाऱ्या खोलीत एकटीच बसायची. आता दार वाजवलं की कोणीतरी आतून उघडतं. मला ते आवडतं.