न्हानला दाखवलेली वाट

६ ऑक्टोबर, रविवार
हॉटेलात! माझ्या बायकोचं, न्हानचं पहिलं वर्षश्राद्ध — आणि हॉटेलात!
सूनबाई थोआ भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, शनिवारी खुएबाईंच्या खाणावळीत पंगत सांगितलीय." माझ्या आईवडिलांच्या, आजोबांच्या श्राद्धाची जेवणं न्हानने जन्मभर एकटीने रांधली, पहाटेपासून. आणि तिच्या वाट्याला परक्याचं टेबल?
मुलगा क्वी म्हणतो, "तिथला मासा अगदी घरच्यासारखा असतो, बाबा." गाढव!

८ ऑक्टोबर
माशाचं काय घेऊन बसलाय! न्हान येईल ती घरच्या उदबत्तीच्या वासावर. पूर्वजांच्या चौरंगापुढे बसेल. आणि आम्ही सगळे तिकडे जेवतोय! उपाशी परत जाईल बिचारी.
थोआला म्हटलं, "आळस म्हणतात याला." ती मान खाली घालून तांदूळ धूत राहिली.

११ ऑक्टोबर
ठरलं. मीच तिला वाट दाखवणार.

१२ ऑक्टोबर, शनिवार
उदबत्ती पेटवली, तिचा फोटो छातीशी धरला आणि चालत निघालो. दर वळणावर सांगत होतो — "न्हान, इथून डावीकडे. जपून, मोटारसायकली फार." नदी लागली तशी शाळेतली ओळ आपोआप ओठांवर आली —
गवत ओले, घाट रिकामा, नाव कुणाची वाट बघे?
पंक्चरवाला ओरडला, "आजोबा, उदबत्ती केवढ्याला?" मेला!
खाणावळीत सगळे आधीच पोचले होते. खुएबाई हात पुसत पुढे आल्या, फोटो पाहिला आणि मटकन बसल्या.
"अगं बाई! या तर आपल्या पौर्णिमेच्या काकू!"
कोण पौर्णिमेच्या?
"दर पौर्णिमेला यायच्या की! त्या खिडकीशी बसायच्या. मडक्यात शिजवलेला मासा, आंबट सार, भात — चौघांचं जेवण एकट्या! म्हणायच्या, खुए, आज तू वाढ. मी काही उठणार नाही."
पौर्णिमेला न्हान विहारात जायची. तिथलं उपासाचं, शाकाहारी जेवायची. निदान मला तरी तसंच सांगायची!
क्वी खो-खो हसत सुटला, "आई! मासा!" धीर करून विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणायची?"
खुएबाई घुटमळल्या. "राहू द्या, काका."
"सांगा."
"म्हणायच्या, घरी जेवताना यांच्या कविता असतात. भात निवतो."
पुढचं धड आठवत नाही. फोटोपुढे तिची वाटी मांडली. उदबत्ती विझेपर्यंत सगळे थांबले. मग नातवंडांनी रीतीप्रमाणे एकेकाला विनवलं — आजोबा, जेवा. बाबा, जेवा. माझ्या वाटीत माशाच्या पोटाकडचा तुकडा पडला. इतकी वर्षं एका छपराखाली — आणि मी कुणाबरोबर राहत होतो?

१३ ऑक्टोबर
थोआ अंगणात कपडे वाळत घालत होती. सरळ विचारलं, "ती खाणावळ तुला कुणी सुचवली?"
हातातला टॉवेल तारेवर टाकत म्हणाली, "आईंनी. इस्पितळात. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."
"काय म्हणाली?"
"म्हणाल्या — थोआ, माझ्या श्राद्धाला तू चुलीपुढे उभी राहिलीस, तर मी जेवायला येणार नाही."