सासूबाईंचा धक्का

४ ऑक्टोबर

निघालो एकदाचे! सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेदहाला, आणि उशिराचं खापर माझ्या डब्यांवर.

कप्तान म्हणजे माझे सासरे. जन्मभर बेटावरच्या बंदरात दुसऱ्यांची जहाजं आत आणून लावायची नोकरी केली. आता निवृत्त झाले, सरकारी घर सोडलं, आणि आमच्या शहरात आमच्याकडे कायमचे राहायला येताहेत. सामान मालाच्या जहाजाने पुढे गेलं. माणसांनीही तसंच जावं, असं साऱ्या जगाचं मत. पण कप्तानांची स्वतःची शिडाची बोट आहे ना! आपली बोट असताना दुसऱ्याच्या बोटीत बसायचं म्हणजे काय, असं म्हणाले. लेकाने मान डोलावली. लेक म्हणजे आमचे हे. यांची मान वडिलांसमोर एकाच दिशेने हलते – वरून खाली.

दोर सुटला तेव्हा सासूबाई आत केबिनमध्ये कांदा चिरत होत्या. घराकडे बघायला वर आल्या नाहीत.

५ ऑक्टोबर

वारा. पहिल्याच खाडीत नांगर टाकून बसलोय. कप्तान बोटीवर उभे राहून बोट ओलं करतात, वर धरतात आणि जाहीर करतात – दुपारपर्यंत पडेल. दुपारी म्हणाले, संध्याकाळपर्यंत. मोबाइलवर हवामान बघायची सोय नाही. तो त्यांचा अपमान असतो. हे लपून बघतात. चाळिशीचा माणूस, संडासात बसून वाऱ्याचा वेग बघतो.

६ ऑक्टोबर

वारा. ओलं बोट. दुपारपर्यंत पडेल.

८ ऑक्टोबर

आज निघालो आणि शीड फाडून घेतलं. वारा वाढत होता, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, थोडं शीड उतरवा. कप्तान म्हणाले, "तू भाजी बघ." पाच मिनिटांत वरून टर्रकन आवाज. सासूबाईंनी भाजी बघितली. तिखट जास्त पडलं, चुकून की कसं, मी विचारलं नाही.

कशीबशी एका लहानशा बंदरात शिरलो. धक्क्याला लागताना समोरची होडी घासली. नोकरीत कधी ओरखडा येऊ दिला नाही, असं तेवढ्यातही ऐकवलं.

९ ऑक्टोबर

धक्क्यामागे एकच गल्ली. बर्फाचा कारखाना, डिझेलचा पंप, आणि शिडं नि ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईंचं दुकान. मी आणि सासूबाई फाटकं शीड दोघींमध्ये धरून घेऊन गेलो, लग्नातली जाजमं न्यावीत तसं. बाईंचा उजवा हात गळ्यात बांधलेला. खांदा गेलाय, आठवडा लागेल, म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, मशीन मोकळं आहे का? आणि बसल्याच! पायाने असं काही मशीन चालवलं की मी बघतच राहिले.

संध्याकाळी यांना विचारलं, आईंना शिवण येतं हे माहीत होतं? नव्हतं. कप्तानांना विचारलं. लग्नाआधी काहीतरी करायची, म्हणाले. काहीतरी!

११ ऑक्टोबर

शीड शिवून झालं, तरी वारा आहेच आणि सासूबाई रोज दुकानात. पाय मोकळे करून येते, म्हणतात आणि सकाळी जातात ते उन्हं उतरली की येतात. केसांत दोऱ्याचे तुकडे. जेवण माझ्याकडे आलंय. मीठ कमी, असं कप्तान रोज सांगतात. डबी हातभर अंतरावर असते.

बापलेकांचं नवीन कामकाज – शहरातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत खाट कुठे, कपाट कुठे, टीव्ही कुठे. तीन तास चर्चा. टीव्ही खाटेसमोर, एकमताने मंजूर. सासूबाईंचं नाव एकदा निघालं: तिला स्वयंपाकघर जवळ पडेल.

१२ ऑक्टोबर

दुपारी दुकानात डबा द्यायला गेले. सासूबाई ट्रकची ताडपत्री शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या खोलीतून काय दिसतं गं?"

लिफ्टची भिंत, मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

त्या हसल्या आणि दाताने दोरा तोडला.

१४ ऑक्टोबर

हवा मोकळी. सगळ्या बोटी सुटायला लागल्या. कप्तानांनी बोट ओलं केलं, खूश झाले. सासूबाई धक्क्यावर आल्या पण आत पाऊल टाकेनात. म्हणाल्या, "माझी बॅग तेवढी द्या."

"कशाला? सुटायचंय आता."

"तुम्ही सुटा. मी इथेच राहतेय."

दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. शिवणारी बाई त्यांना पगार देणार होती. सगळं ठरवून आल्या होत्या, आवाज जराही चढला नाही. हे म्हणाले, आई, थट्टा पुरे. कप्तान म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?"

एवढ्या वर्षांच्या संसाराला हा एकच प्रश्न!

"शिकायचं," त्या म्हणाल्या. माझ्या हातून बॅग घेतली. मीच दिली ती.

कप्तानांनी दुपारपर्यंत बोट सोडली नाही. निरभ्र आकाशात थांबलेली ती एकटी बोट. वारा पडायची वाट बघतोय, म्हणाले. वारा नव्हताच.

तीनला त्यांनी स्वतःच दोर सोडला.

१५ ऑक्टोबर

तूच आईला फितवलंस, असं हे म्हणतात. कालपासून चार वेळा. मी म्हटलं, मी भिंतीला भिंत म्हटलं. यावर यांची मान पहिल्यांदाच आडवी हलली.

भात करपला. मीठ घालायचं राहिलं होतं. कप्तानांनी निमूट खाल्ला.

१६ ऑक्टोबर

घरी पोचलो. जिन्यात शेजारीण भेटली. आई कुठे? यांनी तोंडाला येईल ते सांगितलं – मावशीकडे थांबली. सासूबाईंना बहीणच नाही.

कप्तान मागच्या खोलीत उभे होते. टीव्ही लावलेला, खाटेसमोर, ठरल्याप्रमाणे. त्यांनी खिडकी उघडली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा लावली. "इथे वारा कुठून येतो?" मला विचारलं. येत नाही, म्हटलं.

१८ ऑक्टोबर

बंदरावर वादळाचा बावटा लागलाय. सकाळी कप्तान दोर तपासून येतो म्हणून गेले. जेवायला आले नाहीत. हे धक्क्यावर धावले. बोट नाही! एवढ्याशा वाऱ्याला खाडीत दडून बसणारा माणूस – बावटा डोक्यावर असताना गेला. स्वयंपाकघरातलं एक पातेलं आणि काड्यापेटीही गेली.

बंदराच्या कचेरीत कळवलं. शोधायला बोट काढता येणार नाही, म्हणाले, समुद्र फार उसळलाय. हे धक्क्याच्या पायरीवर बसून राहिले. मी शेजारी बसले. आज थट्टा सुचत नाही.

२० ऑक्टोबर

कप्तानांचं काही कळत नाही. यांनी कालपासून काही खाल्लेलं नाही. मीही.

२१ ऑक्टोबर

सासूबाईंचा फोन! कप्तान काल संध्याकाळी तिथे पोचले. चिंब भिजलेले, तापाने फणफणलेले, पण धड आहेत. हे फोनवरच रडले. मग विचारलं, दोघं कधी येताय?

नाही येत, म्हणाल्या. आणि ते तिथे राहिले तरी खोली त्यांच्या एकटीची आहे, कप्तान झोपायला बोटीवर जातात. सकाळी जिना चढून येतात, दार वाजवतात आणि बाहेरच उभे राहून विचारतात – येऊ का?