गाठीच्या दुसऱ्या कोपऱ्यात

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तुझे टाके सुकले असतील. मी शिकवलेली अक्षरं तू अजून मोठ्याने वाचतोस, पण हे पत्र मनात वाच. आई जवळच असेल, आणि तिच्या लेखी तुझं हर्नियाचंच ऑपरेशन झालंय.

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या अंडकोषातली गाठ एकाच प्रकारची आहे, त्यातल्या त्यात बरी, आता फक्त अधूनमधून तपासणी. ते खरं नाही. तुझी काढलेली गाठ तपासायला आमच्याच पॅथॉलॉजी विभागात आली; बरणीवर तुझं नाव दिसल्यावर ती मी दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवी होती. दिली नाही. माझ्याइतकं जपून कोण करणार, असं वाटलं. आणि घाईघाईने दोनच तुकडे कापून घेतले, तेही एकाच बाजूचे. नियम आहे सेंटिमीटरला निदान एक तुकडा. तुझी गाठ साडेचार सेंटिमीटर.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी पाहिलं. "अगं, गाठ बटाट्याएवढी आणि तुकडे मीठ बघायला घेतल्यासारखे?" मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाल्या, "कोण हा तुझा?"

"दादा."

त्यांनी सुरी स्वतःच्या हातात घेतली. मला बाहेर मात्र काढलं नाही.

दुसऱ्या कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या काचा काल तयार झाल्या. दादा, कसं सांगू? सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चा होती, आपल्या कानात असते तशी, निळसर, नितळ. शेजारी आतड्याचं अस्तर. तुझ्या गाठीत कोणीतरी माणूस घडवायला बसलं होतं आणि अर्ध्यावर उठून गेलं होतं. मी नकळत खुर्चीतून उभी राहिले.

मॅडम म्हणाल्या, पूर्वी या गाठींना रूपावरून नावं देत, आता आधी मूळ विचारतात. तरुणांमधल्या बहुतेक गाठींचं मूळ एकच. आपण पोटात असताना बीजपेशी दुरून चालत आपल्या जागी येतात. त्यातल्या काही मोठ्याच होत नाहीत. वर्षानुवर्षं अंडकोषातल्या बारीक नळ्यांच्या कडेला गप्प बसतात आणि एक दिवस वाढू लागतात. काही गाठी त्या बीजपेशींसारख्याच राहतात, काही सगळंच बनू पाहतात. तुझ्या गाठीत दोन्ही आहेत. तेव्हा वर्कशॉपातले सिलिंडर उचलून हे झालं, हे डोक्यातून काढ. हे तुझ्या जन्माच्याही आधीचं आहे.

पण एका जागी पेशी रक्तवाहिनीत शिरलेल्या दिसल्या. म्हणून डॉक्टर केमोथेरपीची औषधं चढवायची म्हणतात. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. धीर द्यायला लिहीत नाही, वाचून, पुन्हा विचारून लिहितेय.

आता ते, ज्यासाठी तीन कागद फाडले. या औषधांनी पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते. ती सुरू होण्याआधी तुझं वीर्य गोठवून ठेवता येतं. त्यासाठी तुला आधी इथे यावं लागेल. बहिणीने भावाला लिहायची गोष्ट नाही ही, कळतं मला. पण तू शाळा सोडून मला शाळेत घातलंस. मग मी नाही तर कोण सांगणार? होणाऱ्या वहिनीला तू सांग. आईला मी सांगते, हर्निया सोडून खरं काय ते.

बॅग भरून ठेव. बुधवारी, १९ तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीने येतेय. दुपारच्या गाडीने तुला घेऊनच निघेन.

या खेपेला एकही तुकडा न वगळता,
तुझी मास्तरीण