ढावलोवरचा हशा

रोहिदास भिया,

नवरी सासरी निघाली की जलम देणाऱ्या याडीच्या गळ्यात पडून रडत ढावलो गाते. तो तू टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत काहून घातला? माह्या लग्नातले माहेच बोल, अन् हरेक हुंदक्यावर हशा! शहरातल्या लोकायले आपला बंजारा समाज समजावा म्हणून लिहितो, म्हणालता ना? असा समजते काय?

काल याडीनं टीव्हीतल्या लग्नाकडं बोट करून विचारलं, "अंगणात तर घरचेच हायेत, मंग हसून कोन राह्यलं?" मी तुले लिहाले कागद घेतला.

"त्याले काही लिहू नको," म्हणे, "टीव्हीवर त्याचं नाव येते." म्हणून हे पत्र टाकत नाही.

आज पुन्हा मालिका लागली. हशा आला, तशी याडीबी हसली. तुह्यासाठी.

तुही बहीण,
शेवंता, आर्णी