शेंदूर लागलेलं पान

हेमकांतदादा,

तू आमच्या डोंगरातल्या शाळेला पाठवलेलं कवितांचं पुस्तक चौथीतल्या रविताने घरी नेलं आणि वाघाच्या चित्राला शेंदूर फासून परत आणलं. दटावलं तर म्हणाली, "बाई, आजीने पूजा केली. तो आमचा वाघदेव."

मला वाटलं, थापा मारतेय, कविता वाचलीही नसेल. म्हटलं, कवितेबद्दल लिहून दाखव.

तिने लिहिलं, "कविता मी आजीला आमच्या बोलीत सांगितली. शेवटचं कडवं सांगितलं नाही. त्यात वाघाला गोळी घालतात."

दादा, पाठवण्याआधी तू ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतंस का? मला शंकाच आहे. पण मुलांच्या हाती देण्याआधी मीही वाचलं नव्हतं, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुझी,
कामिनी